झोप अजून वाटेत आहे

विमान कंपन्या सामानाच्या बाबतीत फार काटेकोर असतात. तेवीस किलोंच्या बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि नातवासाठी शिवलेली दुपटी कोंबून झाली, की तिच्या मुठीला चिठ्ठी लागते, चिठ्ठीचा आकडा आपल्या पासावर चिकटतो, आणि बॅग हरवलीच तर रडायला एक खिडकीसुद्धा असते. पण मुंबईहून न्यू जर्सीत उतरलेल्या माणसाची भूक पोचलेली नसते, झोप पोचलेली नसते, पोट साफ होण्याची वेळ तर कुठे असते देव जाणे, आणि त्याबद्दल विचारायला खिडकी नसते. ही मंडळी मागून येतात. दिवसाला एक तास, फार तर दीड तास, असा त्यांचा वेग. विमानाने पंधरा-सोळा तासांत उरकलेला प्रवास करायला आपल्या झोपेला आठवडा लागतो, आणि आल्यावरही ती अगदी वेळेवर आल्यासारखा चेहरा करते.

मुलीकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा आमच्या ह्यांचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. जेट लॅग हा अमेरिकेला जाऊन आलेल्यांनी न गेलेल्यांना खिजवण्यासाठी काढलेला प्रकार आहे, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ बदललं नाही. "इथले तास मोबाइल दाखवतोच की. पुण्यात आत्ता किती वाजले ते कळायला नको?" हिवाळ्यात लंडनला गेलो असतो तर प्रश्नच नव्हता. आपलं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की ग्रीनिचची वेळ दिसते, ही साडेपाच तासांची कृपा. न्यू जर्सीचा उन्हाळ्यातला फरक साडेनऊ तासांचा. तिथे घड्याळ उलटं, आडवं, कसंही धरा, उपयोग नाही.

तर हे पहिल्याच दुपारी दोन वाजता "जरा पाठ टेकतो" म्हणून आडवे झाले आणि संध्याकाळी साडेसातला टवटवीत होऊन उठले. पुण्यात ते गेली कित्येक वर्षं पहाटे पाचला उठून टेकडीवर जातात. साडेसात म्हणजे पुण्याचे बरोबर पाच. जून महिना, तिथे साडेआठपर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे बाहेर कोवळं म्हणावं असं ऊन होतं. ह्यांनी बूट घातले, कानटोपी घातली आणि फिरायला निघाले. वाटेत लॉनवर पाणी घालणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थांना त्यांनी हात उंचावून "गुड मॉर्निंग" केलं. त्या गृहस्थांनीही सभ्यपणे "गुड मॉर्निंग" म्हटलं. शेजारी आपल्या लोकांनी भरलेलं एडिसन गाव आहे, त्यांना सवय असावी.

रात्रीची गंमत वेगळीच. आपल्या पोटाची दुपारी एकची जेवणाची वेळ तिथे पहाटे साडेतीनला येते. भूक म्हणजे बिस्किटाने भागणारी नव्हे, वरणभात-भाजी-कोशिंबिरीची साग्रसंगीत भूक. मुलीला उठवायचं नाही म्हणून मी चोरपावलांनी खाली स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, पोहे तरी करू. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि छतावरच्या धुराच्या यंत्राने असा काही टाहो फोडला की जावईबापू अर्ध्या चड्डीत, हातात उशी घेऊन जिना उतरून आले. उशी कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मग ते खुर्चीवर चढून त्याच उशीने यंत्राला वारा घालत राहिले आणि वरून "आई, इट्स ओके" असं म्हणत राहिले. हे मात्र शांतपणे टेबलाशी बसले होते. म्हणाले, "खोबरं आहे का गं?"

आता या घोटाळ्याचं मूळ कुठे, तर मेंदूत. दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडून जातात, त्याच्या किंचित वर पेशींचे दोन पुंजके आहेत, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. दोन्ही मिळून पेशी वीस हजारांच्या आसपास. एवढ्याशा ऐवजावर आपली झोप, जाग, अंगाचं तापमान, रक्तदाबाचे चढउतार असा सगळा संसार चालतो. डोळ्यांतून उजेड आला की पुंजक्यांना दिवस झाल्याचं कळतं. अंधार पडला की ते पिनिअल ग्रंथीला मेलाटोनिन सोडायला सांगतात आणि शरीर रात्रीच्या तयारीला लागतं. आतली चक्रं कशी फिरतात हे शोधलं फळांवर बसणाऱ्या चिलटांमध्ये, आणि त्यासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकनांना 2017 साली नोबेल मिळालं. आम्ही फळांवर चिलटं बसली की ताटली झाकतो. नोबेल त्यामुळेच हुकत असणार.

पण एवढ्यावर भागत नाही. घड्याळ मेंदूत एकच असतं तर प्रश्न दोन दिवसांत मिटला असता. यकृताला स्वतःचं घड्याळ आहे, आतड्यांना आहे, मूत्रपिंडांना आहे, आणि सगळी एकाच वेगाने सरकत नाहीत. ह्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, त्यामुळे हा भाग त्यांना मी समजावण्याआधीच कळला. म्हणाले, "म्हणजे मंत्रालयातून जीआर निघाला, पण तालुक्याला पोचलाच नाही." अगदी तसंच. उजेड बघून मेंदूने आदेश काढला की आजपासून आपण न्यू जर्सीत. यकृताने तो वाचलाच नाही, कारण यकृत उजेडापेक्षा जेवणाच्या वेळा जास्त मानतं, आणि साहेब तर पहाटे साडेतीनला पोहे खातायत. आतड्यांचं म्हणणं, जुन्या परिपत्रकानुसार सकाळी सातची वेळ मंजूर आहे, आम्ही ती पाळू. पुण्याचे सकाळचे सात म्हणजे तिथले रात्रीचे साडेनऊ. त्या वेळी दिवाणखान्यात मुलीचे मित्रमैत्रिणी आम्हाला भेटायला आलेले असायचे. जास्त काही लिहीत नाही.

रक्तदाबाच्या गोळीचं तर धर्मसंकटच झालं. चिठ्ठीवर लिहिलेलं, "सकाळी, नाश्त्यानंतर." कुठली सकाळ? ह्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बिचारे झोपेतून उठून म्हणाले, "अहो, तिथल्या सकाळी घ्या, आणि पुढच्या वेळी फोनसुद्धा तिथल्याच सकाळी करा."

हे शरीर इतकं हट्टी का, याचा शोध माणूस फार पूर्वीपासून घेतो आहे. 1729 साली द मेरां नावाच्या एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने दिवसा पानं उघडणारं आणि रात्री मिटणारं एक झाड, बहुधा आपलं लाजाळूच, अंधाऱ्या जागी कोंडून ठेवलं. ऊन नाही, उजेड नाही, तरी पठ्ठ्या वेळ झाली की पानं उघडायचा आणि वेळ झाली की मिटायचा. पुढे 1962 मध्ये मिशेल सिफ्र नावाचा विशीतला फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळाविना आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने जाऊन राहिला. वर बोलावलं ते 14 सप्टेंबरला. त्याच्या हिशेबाने अजून 20 ऑगस्टच होता. डोक्यातल्या तारखा अशा सपशेल चुकल्या, पण झोपण्या-उठण्याचं चक्र मात्र चोवीस तासांहून किंचित मोठं, असं नेमाने चालू होतं. त्याला गुहेत जावं लागलं याचंच मला नवल वाटतं. निवृत्तीनंतर आज वार कुठला हे विचारणारी आणि चहाच्या वेळेला मिनिटभरही न चुकणारी माणसं आमच्या सोसायटीत मजल्यागणिक आहेत.

त्या "किंचित मोठं" मध्ये बरंच काही दडलंय. आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांहून थोडं रेंगाळणारं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, म्हणजे उशिरा झोपायचं नि उशिरा उठायचं. हे कुणाला नको असतं? पूर्वेकडे येताना लवकर झोपावं लागतं. लवकर झोप असं सांगून आजवर कुणीही झोपलेलं नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. त्यातून साडेनऊ तास म्हणजे अर्ध्या दिवसाच्या जवळपास गेलेला फरक. अशा वेळी काहींचं शरीर गोंधळून उलट्या बाजूनेच निघतं आणि साडेनऊ तासांऐवजी साडेचौदा तासांचा वळसा घालतं. ह्यांचं तसंच झालं असावं असा माझा संशय आहे. रस्ता विचारायचा नाही हा त्यांचा स्वभावच आहे.

आनंदीबाई जोशींना हा त्रास झाला नसणार. 7 एप्रिल 1883 ला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. परमुलूख, खाण्याचे हाल, सोबतीला मिशनरी बायका, बाकीचे ताप थोडे नव्हते. पण कलकत्त्याच्या नि न्यूयॉर्कच्या सूर्यातला पावणेअकरा तासांचा फरक त्यांच्या शरीराला दोन महिन्यांत पेलायचा होता. दिवसाला अकराएक मिनिटं. एवढं तर आमच्याकडे रोज सकाळी गॅस मालवायचा विसरण्यात जातं.

आणि मिनिटांचं म्हणाल तर आपला बाणा काही कमी नव्हता. 1906 साली इंग्रज सरकारने साऱ्या हिंदुस्थानची वेळ एक केली, तेव्हा मुंबईची घड्याळं एकोणचाळीस मिनिटं पुढे करायची वेळ आली. मुंबईकर भडकले. गिरणीकामगारांनी निषेध केला, सभा झाल्या, आणि मुंबई महापालिकेने आपली वेगळी मुंबई वेळ थेट स्वातंत्र्यानंतरपर्यंत चालवली. चाळीसहून जास्त वर्षं, एकोणचाळीस मिनिटांसाठी! त्याच मुंबईच्या विमानतळावर आज आपण रात्री दोन वाजता रांगेत उभे राहतो, साडेनऊ तास काढून देतो, आणि बदल्यात संत्र्याच्या रसाचा प्लास्टिकचा पेला घेतो. कुणी हूं की चूं करत नाही.

विमानात पहाटे तीनला जेवण देतात. हे रात्रीचं की उद्या सकाळचं, असं विचारलं तर हवाईसुंदरी "व्हेज ऑर नॉनव्हेज?" एवढंच म्हणते. चव लागत नाही याचा दोष मात्र स्वयंपाक्याला देऊ नये. आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेएवढा ठेवलेला असतो, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखराहून उंच ठिकाणी बसून पनीर खात असतो. शिवाय हवा इतकी कोरडी की मीठ-साखर जिभेला पुरेशी कळतच नाही. ह्यांनी शेजारच्या बाईंना विचारून त्यांची लोणच्याची पुडी उघडली, आणि त्या वासाने पुढच्या तीन रांगा जाग्या झाल्या.

उपाय सांगणाऱ्यांची वाण कधीच नसते. जायच्या आधी एका नणंदेने सांगितलं, पायांच्या तळव्यांना काशाच्या वाटीने तूप चोळा. दुसऱ्या नातलगांनी होमिओपॅथीच्या साबुदाण्या दिल्या. मुलीच्या एका मित्राने जुना, शास्त्रीय म्हणवणारा आहार सांगितला. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या चार्ल्स एहरेट यांनी तो बसवलेला: एक दिवस भरपेट, एक दिवस अर्धपोटी, पुन्हा भरपेट, पुन्हा अर्धपोटी, आणि पोचल्यावर तिथल्या वेळेला नाश्ता. आम्ही मनापासून पाळला. फक्त अर्धपोटी दिवशी एकादशीचे पदार्थ केले, त्यामुळे दुप्पट खाशी झाली आणि चारही दिवस भरपेट गेले.

मेलाटोनिन अमेरिकेत औषध म्हणून नव्हे तर जीवनसत्त्वांच्या बाटल्यांशेजारी, चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि फळांच्या चवीच्या गोळ्यांतही. योग्य वेळी घेतलं तर मदत होते. अवेळी घेतलं तर घड्याळ भलत्याच दिशेला सरकतं. ह्यांनी ते चघळायची गोळी समजून दुपारी चहाबरोबर खाल्लं.

सगळ्यात कहर म्हणजे ह्यांनी एक दिवस मोबाइलवर वाचलेली बातमी. अर्जेंटिनातल्या शास्त्रज्ञांनी हॅम्स्टरांना, म्हणजे उंदरांच्या त्या गुबगुबीत चुलतभावांना, ती निळी गोळी दिली, जिचं नाव आमच्या पिढीतल्या बायका मोठ्याने घेत नाहीत, आणि हॅम्स्टर बदललेल्या वेळेशी लवकर जुळले. या शोधाला 2007 सालचं इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, विमानवाहतूक विभागात. हे सगळं ह्यांनी मुलगी, जावई आणि जावयांची आई समोर असताना, चष्मा वर करून, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. "पण फक्त घड्याळ पुढे सरकवताना," त्यांनी खुलासा केला, "म्हणजे परत येताना." विहीणबाई उठून बाळाकडे गेल्या.

हो, बाळ. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते बाळ या सगळ्या नाटकात सुज्ञ ठरलं. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. त्याचं घड्याळ रुळावर यायला दोन-तीन महिने जातात. तोवर ते दर दोन तासांनी उठतं, कुठल्याही देशाची वेळ पाळत नाही. घरात रात्री दोन वाजता तीन जिवंत माणसं असायची: बाळ, मी आणि हे. मुलगी-जावई मेल्यासारखे झोपलेले. मी लंगोट बदलायचे, हे मांडीवर घेऊन त्याला जिल्हा परिषदेतल्या जुन्या बदल्यांच्या कहाण्या सांगायचे, आणि ते टक लावून ऐकायचं. त्या कहाण्या पूर्ण ऐकणारा ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. मराठी मुली बाळंतपणाला आईवडलांना तिकडे बोलावतात, तेव्हा डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, अंगाला तेल अशी कारणं सांगतात. खरं कारण मला तेव्हा उमगलं: रात्रपाळीला विनापगारी, ताजातवाना, स्वतःहून जागा असलेला माणूस जगात दुसरीकडे कुठे मिळतो? दुर्दैवाने आठवड्याभरात आमची झोप मागून येऊन पोचली आणि आम्ही घरात निरुपयोगी झालो. मुलीचा चेहरा पडला. "इतक्यात?" असं ती खरोखर म्हणाली.

परतीचा प्रवास पूर्वेकडचा, म्हणजे अवघड. अमेरिकेतल्या रात्रीची गाढ झोप पुण्यात सकाळी साडेआठ ते दुपारी चार अशी पडते. सर्वांत जड डोळे दुपारी दीडला. आता दुपारी एक ते चार झोपणाऱ्याला सांभाळून घेणारं दुसरं शहर पृथ्वीवर नसेल, त्यामुळे दुपार निभावली. सकाळ मात्र गेली. कामवाल्या मावशी नऊला बेल वाजवून थकल्या आणि खाली जाऊन सांगून आल्या की काकूंना अमेरिकेचा काहीतरी रोग झालाय.

तिथून पुढे मात्र जेट लॅगचा दुसरा, सामाजिक उपयोग सुरू होतो. अमेरिकेहून आलेल्या माणसाला जेट लॅग किती दिवस राहील हे मेंदूतल्या पुंजक्यांवर नाही, शेजारच्यांवर ठरतं. जिन्यात कुणी भेटलं की डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून जेट लॅग उतरलाच नाही हो." ह्यांनी याच्या जोरावर बँकेतला हयातीचा दाखला टाळला, सोसायटीची वार्षिक सभा टाळली आणि एका भाच्याच्या साखरपुड्यातून त्यांना जेवून लगेच निघता आलं. ज्या गृहस्थांचा जेट लॅगवर विश्वास नव्हता! समोरच्या ब्लॉकमधले एक जण दुबईला चार दिवस राहून आले. दुबईचा फरक दीड तासाचा. तेही डोळे अर्धे मिटून म्हणू लागले. हे मात्र ह्यांना अजिबात सहन झालं नाही.

पुण्यात आल्यावर पहिल्या काही रात्री मी तीन वाजता गच्चीवर जाऊन बसायचे. खाली वॉचमन शिट्टी वाजवायचा, कुत्री त्याला उत्तर द्यायची. एका रात्री दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा भेटला. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत कामाला, अमेरिकेतल्या लोकांचे संगणक इथून सांभाळतो. संध्याकाळी सहाला नाश्ता, रात्री दहाला जेवण, पहाटे चारला संध्याकाळचा चहा, आणि सकाळी सगळं जग दात घासत असताना पडदे ओढून झोप. "काकू, ऊन शिरतं हो खोलीत," म्हणाला, "आणि नेमका तेव्हाच भंगारवाला ओरडतो. तुम्हाला अनुभव आहे, काही उपाय सांगा ना." मला कधी नव्हे ते कुणीतरी विचारत होतं. मी काशाच्या वाटीपासून सुरुवात केली, साबुदाण्या सांगितल्या, आर्गॉनचा आहार सांगितला, निळी गोळी वगळली, आणि शेवटी बजावलं, "आणि तिकडे गेलास ना, की पहिल्या दिवशी दुपारी झोपू नकोस. उन्हात फिर."

"काकू, मी कधी गेलोच नाहीये तिकडे," तो म्हणाला. "व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळालीये एकदाची. पण ती सकाळी आठची आहे. तेव्हा मी झोपलेला असतो."